दोन खुणांचं माप

कानकाकांना राग आला की आधी त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल होतात. तोंड नंतर उघडतं. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. बायको, मुलगी, जावई सगळे त्यांच्याशी बोलताना एक डोळा त्यांच्या कानांवर ठेवतात आणि विषय पुढे न्यायचा की चहाचं विचारायचं ते ठरवतात. त्या रविवारी सकाळी जंगलात मात्र घरचं कुणी नव्हतं. तिथे होते पंधरा कॅमेरेवाले, आणि त्यांना काकांच्या कानांशी काही घेणंदेणं नव्हतं.

पण असं मधूनच सुरू करून चालायचं नाही. काकांच्याच शिस्तीत सांगायचं तर आधी खूण, मग माप.

काका पाणीखात्यात गळती शोधायचे. एकतीस वर्षं. रस्त्याखालचा नळ कुठेतरी फुटतो, पाणी आतल्या आत जिरतं, वर टिपूसही दिसत नाही. सगळा रस्ता काही उकरता येत नाही. म्हणून एक माणूस छातीएवढी पोलादी कांडी घेऊन फिरतो. कांडीचं एक टोक जमिनीला, दुसऱ्या टोकाला वाटी, आणि वाटीला कान. साधं वाहतं पाणी गुणगुणतं, फुटक्या नळातलं पाणी दात आवळून श्वास घेतल्यासारखं फुसफुसतं. खात्यात यंत्रं आली, बिघडली, परत आली. यंत्र मुकं झालं की साहेब म्हणायचे, "कानाला बोलवा." तेव्हापासून त्यांचं नाव कान. वय वाढलं तसं त्याला काका लागलं.

नोकरीला लागल्यावर पहिल्याच वर्षी त्यांनी एक चूक केली होती. गळती सापडली, रस्त्यावर रंगाची फुली मारली, पण उजाडेपर्यंत गाड्यांच्या चाकांनी ती पुसली. सकाळी खोदाईच्या टोळीने विचारलं, कुठे? काका म्हणाले, "त्या दुकानापासून थोडं पुढे." टोळीने थोडं पुढे खणलं. मग आणखी थोडं. दुपारपर्यंत सात माणसांनी तीन खड्डे केले, एका खड्ड्यात टेलिफोनची तार तोडली, पाणी काही लागलं नाही. टोळीचा मुकादम म्हणजे पहाडासारखा माणूस. तो खड्ड्यातून वर आला आणि चिखलाचा हात काकांच्या खांद्यावर ठेवून म्हणाला, "थोडं म्हणजे किती रे? तुझ्या एका थोड्याने माझ्या सात माणसांच्या पाठी मोडल्या."

काकांनी त्या दिवशी कानाला खडा लावला. तो शब्दच त्यांनी सोडला. जेवताना बायकोने विचारलं, "भात आणखी थोडा?" तर म्हणायचे, "दोन चमचे." आणि प्रत्येक गळतीचं त्यांनी दोन खुणांचं माप ठेवलं: अमक्या इमारतीच्या कोपऱ्यापासून इतके मीटर, तमक्या खांबापासून इतके, फुटपाथच्या अंगाला. दोन टेप जिथे मिळतील तिथे खणा. फुली पुसली तरी माप पुसत नाही. पुढच्या तीस वर्षांत एकही खड्डा चुकला नाही. निवृत्तीच्या दिवशी तोच मुकादम, आता म्हातारा झालेला, सगळ्यांसमोर म्हणाला, "ह्यांच्या फुलीवर आम्ही डोळे मिटून पहार मारायचो." काकांना मिळालेलं घड्याळ केव्हाच बंद पडलं, पण हे वाक्य अजून चालू आहे.

निवृत्त झाल्यावर कान रिकामे झाले आणि घरच्यांची पंचाईत झाली. फ्रिज घरघरतो, पंखा दर चौथ्या फेरीला चुकतो, शेजारची बाई कपाटाचं दार दोनदा लावते. बायको महिनाभर ऐकून घेत राहिली. मग मुलीला म्हणाली, "ह्यांना कुठेतरी घाल गं, नाहीतर मी तरी कुठेतरी जाते." मुलीने दुर्बीण आणून दिली आणि रविवारच्या मंडळींत नाव घातलं.

ही मंडळी म्हणजे पंधरावीस पक्षीवेडे. शहराची शेवटची बस जिथे वळते तिथून पुढे जंगलाचा पट्टा सुरू होतो. खात्याची मोठी जलवाहिनी त्यातूनच जाते, नंबर कोरलेले दगड ठरावीक अंतरावर उभे आहेत. काकांना तो पट्टा पाठ. दुर्बीण गळ्यात नुसती लोंबायची. बाकीचे पानापानांत डोळे फोडत असायचे आणि काका मान तिरकी करून म्हणायचे, "डावीकडे. दुसऱ्या फांदीला. दोन आहेत, एक आजारी आहे." महिन्याभरात ते मंडळींचे कान झाले. गेलेली नोकरीच परत मिळाली म्हणा.

एका गोष्टीने मात्र त्यांचं डोकं फिरायचं, ती म्हणजे मंडळींची वही. रिवाज असा की दर बुधवारी चिटणीसबाईंच्या घरी जमायचं आणि पाहिलेल्या पक्ष्यांची नोंद आपल्या हाताने करायची. पक्षी, तारीख, वेळ, ठिकाण. चिटणीसबाई ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या, वहीला कव्हर, पानांना आकडे, सगळं जागच्या जागी. पण ठिकाणाच्या रकान्यात लोक काय लिहायचे? 'पाण्याजवळ.' 'वाटेवर.' 'मोठ्या झाडाच्या थोडं पुढे.' थोडं पुढे! काकांना वाटायचं, ही शिकली-सवरलेली माणसं, यांच्या हाती टोळी दिली असती तर अख्खं शहर उकरलं असतं.

आणि मग त्यांना रातवा सापडला.

रातवा हा रात्री बोलणारा पक्षी, तो घरटं बांधत नाही. जमिनीवर पाचोळ्यातच अंडी घालतो आणि त्यावर बसून राहतो. अंग असं की पाचोळाच बसलाय म्हणा. दोन हातांवरून जा, दिसणार नाही. काका सोमवारी पहाटे एकटेच गेले होते. टक्, टक्, टक्, टर्रर्र. फरशीवर गोटी सोडली की ती उड्या मारत मारत थांबते, तसा आवाज. काकांनी एका जागेवरून दिशा धरली, पन्नास पावलं बाजूला जाऊन परत दिशा धरली आणि दोन्ही रेघा मनातल्या मनात जुळवल्या, नळाला करायचे तसं. आवाज थांबला. उजाडल्यावर ते त्या जागी सावकाश गेले तेव्हा पाचोळ्यातून एक पान उठलं आणि पंख फुटल्यासारखं सरकत बाजूला झालं. खाली दोन अंडी होती, मातकट, डागाळलेली.

काका तिथे क्षणभरही थांबले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. उलट्या पावली मागे आले. पण हात सवयीचा गुलाम. खिशात टेप होताच, एकतीस वर्षं होता, कुठे जाणार? दगड नंबर सतरापासून तेरा मीटर वीस. जुळ्या खोडाच्या झाडापासून आठ मीटर पंचावन्न. चढाच्या अंगाला.

बुधवारी वहीत तसंच लिहिलं. सुवाच्य अक्षरात, मापासकट. चिटणीसबाईंनी ते उभं राहून वाचून दाखवलं. "याला म्हणतात नोंद! शिका जरा काकांकडून." काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. बाईंनी त्या पानाचा फोटो काढून मंडळींच्या ग्रुपवर टाकला, खाली टाळ्यांची चित्रं आली. काकांनी ती बायकोला दाखवली.

बायकोने चष्मा लावला, पान वाचलं आणि म्हणाली, "बाळंतिणीच्या खोलीचा पत्ता असा चारचौघांत वाचतात होय?"

"ती वही आहे. चौक नव्हे," काका म्हणाले. पाळ्या लाल झाल्या आणि बायकोने चहाचं विचारलं.

तर, रविवार.

त्या दिवशी मंडळींची फेरी नव्हती, काका मात्र नेहमीप्रमाणे पहिल्या बसने गेले. जंगलाच्या तोंडाशी सहा गाड्या उभ्या होत्या. मंडळींपैकी कुणाकडे असल्या गाड्या नव्हत्या. काका आत शिरले आणि दगड नंबर चौदापाशीच त्यांना रातव्याचा आवाज आला. टक्, टक्, टक्, टर्रर्र. ते थांबले. चांगलं उजाडलं होतं, या वेळी रातवा इतका का बोलतोय? परत तोच आवाज. आणि पाठोपाठ, लांब कुठेतरी, एक कुत्रं दोनदा भुंकलं. परत टक् टक्, टर्रर्र, आणि परत तेच कुत्रं, तितकंच लांब, दोनदाच. तिसऱ्यांदाही तसंच.

जंगलात कुत्रं नव्हतं. ते कुत्रं डबीत होतं. कुणीतरी फोनवर रातव्याचं ध्वनिमुद्रण लावून ठेवलं होतं, पक्ष्याला भुलवायला. परका रातवा आपल्या अंड्यांपाशी आला असं वाटून तो बिचारा जीव तोडून धावून यावा आणि यांनी फोटो काढावा. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साठी उलटलेला माणूस, गुडघे कुरकुरणारे, पण सतरा नंबरच्या दगडापर्यंत ते पळत गेले.

तिथे पंधरा माणसं होती. कुणी पोटावर, कुणी गुडघ्यांवर, आणि सगळ्यांच्या पुढे तोफांसारख्या भिंगांचे कॅमेरे. अंड्यांवर ज्या झुडपाची सावली पडायची ते झुडूप कापून बाजूला टाकलं होतं. नीट, बागेतल्या कात्रीने, म्हणजे ठरवून घरून आणलेल्या कात्रीने. फांदी फोटोत आड येते ना! एका माणसाच्या बुटात फोन खोचला होता आणि त्यातून रातवा आणि कुत्रं आळीपाळीने बोलत होतं. पाखरू कुठेच नव्हतं. उघड्यावर, कोवळ्या उन्हात, एक अंडं होतं. दुसऱ्यावर तिपाईचा पाय आला होता.

"बंद करा ते!" काका गरजले.

"श्श्!" एक बाई मान न वळवता म्हणाली. "ओरडू नका हो. पक्षी उडेल."

"उडेल? पक्षी उडालाच आहे, बाई! तुम्ही काय त्याचं अंडं उकडायला बसलाय?" काकांनी बुटातला फोन उपसून काढला आणि बंद करता येईना म्हणून पाठीमागे फेकला. झुडपात पडूनही तो टक् टक् करत राहिला. "आणि ते फोडलं कुणी?"

"ते आधीच फुटलेलं होतं," तिपाईवाला म्हणाला आणि तिपाई दोन बोटं उचलून त्याने बाजूला ठेवली. तिच्या पायाला पिवळा बलक लागला होता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या, आणि त्याही किती सभ्य आवाजात!

"लाज नाही वाटत?" काकांचा आवाज फाटला. "घरात शिरलात तुम्ही एकाच्या! छप्पर कापलंत, पोर मारलंत, वर तिच्याच जातीचा आवाज लावून तिला हाका मारताय! कोण तुम्ही? कुणी दाखवली ही जागा? मला नाव पाहिजे. त्याला मी सोडणार नाही."

पोटावर झोपलेला एक माणूस उठला आणि गुडघे झाडू लागला. तो दातांचा डॉक्टर होता. काकांची खालची दाढ त्यानेच काढली होती. मंडळींतही दोनचारदा येऊन गेलेला, ग्रुपवर होता. चेहऱ्यावर खरोखरचा आदर होता, तेच वाईट.

"अहो काका, तुम्हीच की!" तो म्हणाला. "पानाचा फोटो मी माझ्या मित्रांना पाठवला. आणि काय सांगू, माप म्हणजे माप! टेप लावला, दोन्ही रेघा जुळल्या तिथे बरोब्बर अंडी. एका बोटाचाही फरक नाही. मी सगळ्यांना म्हटलं, काकांच्या मापावर डोळे मिटून जावं."

तेव्हा काकांना ते दिसलं. सतरा नंबरच्या दगडापासून एक पिवळा टेप, जुळ्या खोडापासून दुसरा. दोन्ही पाचोळ्यावरून सरळ ताणलेले, आणि दोन्ही जिथे मिळत होते तिथे ते अंडं.

राग कुठे जातो अशा वेळी? जात नाही. तो नुसता वळतो. पंधरा माणसांवर धरलेला राग काकांच्या अंगात उलटा फिरला आणि त्यांना धाप लागली. हे झुडूप कापणारे आज ना उद्या कुठेतरी काहीतरी कापणारच होते. पण इथली फुली कुणाची? अख्ख्या जंगलात पाचोळ्यासारखी दिसून जी जगते, तिच्या उरावर फुली मारायला जो कान लागतो तो त्यांच्याकडे होता. ज्या गचाळ माणसांना ते वर्षभर हसले, त्यांच्या 'पाण्याजवळ' आणि 'थोडं पुढे'ने एका पाखराचं पीस हललं नव्हतं. बायकोने एका वाक्यात सांगितलं होतं, आणि आपण काय म्हणालो? वही आहे, चौक नव्हे. अरे गाढवा!

वर काव ऐकू आलं. जुळ्या खोडाच्या शेंड्यावर कावळा येऊन बसला होता आणि एक डोळा खाली लावून होता. अंड्यावरचं ऊन तापू लागलं होतं. ही माणसं इथे असेतो ती परत येणार नाही, आणि ती आली नाही तर ऊन आणि कावळा यांपैकी कुणीतरी हिशेब पुरा करणार. भांडत बसलो तर हे लोक दुपारपर्यंत भांडतील, शिकलेली आहेत.

काकांनी तोंड मिटलं. मान तिरकी केली. डोळे बंद केले. सगळे गप्प झाले, कारण ही मान तिरकी झाली की गप्प राहायचं हे डॉक्टरला माहीत होतं आणि त्याने बाकीच्यांना हाताने खुणावलं.

काकांना पाखराचं काहीच ऐकू येत नव्हतं. कावळा, पंधरा माणसांचे श्वास आणि झुडपातला तो मूर्ख फोन.

"खाली गेलीय," ते हळू म्हणाले. "जोडी आहे. नर पण तिथेच बसलाय. दोघं एकत्र मिळतील." त्यांचा आवाज सरळ होता, कानांच्या पाळ्या मात्र रक्तासारख्या झाल्या होत्या. "लिहून घ्या डॉक्टर. दगड नंबर एकवीस. तिथून नऊ मीटर चाळीस. जलवाहिनीच्या लोखंडी झाकणापासून सहा मीटर दहा. उताराच्या अंगाला."

"जोडी!" ती बाई म्हणाली आणि उठलीच. टेप गुंडाळले गेले, तोफा खांद्यावर चढल्या, तिपाईवाल्याने पाय पाचोळ्याला पुसला. डॉक्टरने झुडपातून फोन शोधला आणि जाता जाता काकांचा हात दाबला. "तुम्ही आहात म्हणून, काका." एकवीस नंबरपाशी खाजकुयलीचं रान आहे. काका नोकरीत असताना एकदा त्यात पडले होते आणि आठ दिवस अंग खाजवत होते. तिथे उंदीरसुद्धा बीळ करत नाही.

सगळे गेल्यावर काकांनी कापलेल्या फांद्यांतल्या दोन उचलल्या, अंड्याच्या उन्हाच्या बाजूला मातीत खोचल्या आणि फुटक्या कवचाकडे न बघता मागे आले. तीस पावलांवर एका खोडाआड बसले. कावळा खालच्या फांदीवर उतरला, त्यांनी दगड मारला. कावळा उडाला, परत आला, त्यांनी परत मारला. असं सात वेळा. सातवा दगड मारताना ते कावळ्याला शिव्या देत होते की स्वतःला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. माफी मागावी तर कुणाची मागणार? पाखराला माफी कळत नाही. त्याला फक्त एवढंच कळतं, की इथे कुणी आलं होतं.

पाऊण तास गेला. मग पाचोळा हलल्याचा आवाज आला, इतका बारीक की दुसऱ्या कुणाला तो वाराच वाटला असता. एक पान जमिनीवरून सरकत सरकत आलं, थांबलं, परत सरकलं. अंडं झाकलं गेलं. तिने डोळे बारीक केले आणि ती परत पाचोळा झाली. दोन अंड्यांची जागा होती, एकाच अंड्यावर बसली. काकांच्या डोळ्यांना पाणी आलं आणि ते पुसतानाही ते चिडलेलेच होते.

खिशातला फोन थरथरला. ग्रुपवर डॉक्टर: "काका, एकवीसला काहीच नाही. नुसती खाज सुटलीय सगळ्यांना. दोनदा मोजलं. माप परत बघाल का?"

खाली लगेच कुणीतरी: "कानकाकांचंही चुकतं तर!" आणि हसऱ्या तोंडांची रांग. मग आणखी एक: "वय झालं, काका." मग चिटणीसबाई: "काका, वहीत चूक राहायला नको. नक्की किती ते कळवा, मी दुरुस्ती करते. सतराच्या नोंदीचंही परत तपासून सांगा."

तीस वर्षांत एकाही मुकादमाने त्यांना असं विचारलं नव्हतं. काकांनी फोन धरलेला हात मांडीवर ठेवला. पाळ्या इतक्या तापल्या होत्या की वाऱ्याची झुळूक आली ती बोचली. लिहावं का सगळं? त्या फुटक्या अंड्याचं, त्या कात्रीचं? आत्ता लिहिलं तर पंधराच्या पंधरा परत सतराला येतील, निदान माफी मागायला तरी, आणि माफी मागताना एक फोटो काढतील.

त्यांनी एक एक अक्षर शोधत टाइप केलं.

"दोन्ही मापं चुकली. सतराचीही खोडा. थोडं पुढे असेल."

मग फोन बंद केला आणि पुढचा दगड हाताशी घेऊन ते कावळ्याकडे बघत बसले.